कुशीवर

सकाळी आधी जीभ सांगते,
कडेला चावलेली, खारट.
मग उजवा खांदा,
रात्रभर पोती वाहिल्यासारखा.
मला काहीच आठवत नाही.

सुलक्षाला आठवतं.
दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर
अर्ध्या लिटरच्या खुणांमध्ये
तिची एक बारीक फुली,
शेजारी: ३.४०, दीड मिनिट.
माझी रात्र मी तिथे वाचतो.

पहिल्या खेपेला ती चमचा घेऊन धावली होती,
आई कांदा घेऊन,
शेजारचा कायतान हातात जोडा.
आता ती उशी सरकवते,
मला कुशीवर वळवते,
आणि घड्याळाकडे बघत मोजते.
तोंडात काही घालत नाही.

बांबोळीला डोक्याला तारा लावायच्या होत्या.
आदल्या रात्री झोपायचं नाही, डॉक्टर म्हणालेली.
शेवटची फेरी गेल्यावर
दिवाडीच्या धक्क्यावर बसून राहिलो,
चणे खात, डास मारत.
पलीकडे जुन्या गोव्याचे चार दिवे.
ती म्हणाली,
"लग्नानंतर पहिल्यांदा
आपण दोघं एकाच रात्रीत आहोत."

गोळी नऊ वाजता.
विसरलो तर ती बोलत नाही,
पाण्याचा पेला जरा जोरात ठेवते.

सव्वीस दिवस फुली नाही.
तरी पहाटे माझ्या पाठीवर
तिचा तळवा असतो,
ती झोपलेली, तो जागा.
नदीवर पहिल्या फेरीचा भोंगा.
पायाला मुंग्या आल्यात,
कूस बदलायचीय.
मी हलत नाही.