हातचा

आधी पाती काढून ठेव, म्हटलं मारिकाला.
टेबलावर राईचा पाव आहे, मांजर आहे, तुझी बोटं आहेत;
मोटरला यातलं काहीच ओळखू येत नाही.
तिने स्क्रू सोडवले, बशीत ठेवले,
बशी फ्रिजवर.
बाहेर व्योरूचं तळं काठापासून काठापर्यंत गोठलेलं,
साडेतीनलाच अंधार.

ट्रान्समीटर काल्योचा.
गळ्यातल्या पट्ट्यावर घाम वाळून पांढरी रेघ,
अँटेना चिकटपट्टीने धरलेली.
सगळं पुसा आणि नव्याने करा, ती म्हणाली.
त्यांचा थ्रॉटल उजवीकडे, मी शिकले डावीकडे.
हे डावं-उजवं मी चाळीस वर्षं ऐकतोय.
काल्यो म्हणायचा, ज्या हाताने मीठ चाखतोस
त्यालाच थ्रॉटल दे, आणि वाद बंद कर.

मेनू उघडला.
मॉडेलांना त्याने नावं दिली नव्हती, नुसती सालं.
२०१४. स्वॉशप्लेट एकशेवीस अंश,
पिच वर अकरा, खाली अकरा, एक्स्पो पंधरा टक्के.
एक्स्पो म्हणजे?
म्हणजे दांडीचा मधला भाग मऊ करायचा.
बोट हललं म्हणून यंत्राने लगेच हलायचं नाही.
हात राखून ऐकायचं.

२०१७. पंचवीस.
२०१९. चाळीस, आणि पिच आठवर आलेला.
२०२१. साठ.
२०२२ पाशी मी चष्मा पुसला.
पंच्याहत्तर.
एवढा मी कुणाचाच पाहिलेला नाही,
दांडी म्हणजे दह्यातला चमचा.

त्या उन्हाळ्यात, पीट काढून उघड्या पडलेल्या रानात,
मी त्याच्या शेजारीच उभा होतो.
हेलिकॉप्टर डोळ्यांच्या उंचीवर,
खुंटीला टांगल्यासारखं.
म्हटलं, म्हाताऱ्या, हात बसलाय तुझा.
त्याने पट्टा सावरला, बोलला नाही.
त्याचे हात मी पाहिलेच नाहीत.
कोण पाहतं? सगळे वर बघतात.

मारिका म्हणाली,
कॉफी ते भिंतीकडे तोंड करून प्यायचे.
मला वाटायचं, रागावलेत.

पुसलं नाही मग काही.
२०२२ ची नक्कल केली, थ्रॉटल डावीकडे नेला,
सर्व्होंचे हात काटकोनात बसवले, दोनदा मोजले.
सिग्नल तुटला तर मोटर बंद,
हे तिच्याकडूनच करून घेतलं.
तुला एक्स्पो किती?
तिने दोन्ही पंजे टेबलावर पसरले,
बराच वेळ पाहत राहिली.
पंधरा, म्हणाली.

आणि हा खालचा चार?
ट्रिम. चार टिचक्या उजवीकडे, त्याच्या.
नकलेबरोबर आल्या. बेरजेत हातचा येतो तशा.
शून्य करू?
राहू द्या.
यंत्र उजवीकडे झुकेल, मी म्हटलं, पहिल्याच झेपेला.
झुकू दे.
वर गेल्यावर काढीन, ती म्हणाली,
एकेक करून.