पुलापल्याड

आमचा जिल्हा कोरडा.
नदीच्या अलीकडे बाटली नाही, निदान कागदावर नाही.
म्हणून साडेपाचच्या कळंब गाडीत कोण चढतं
हे गावाला पाठ आहे.
मी सोळा वर्षं चढलो.
आता दर गुरुवारी चढतो. तीच गाडी, तीच मागची सीट,
आणि पानठेल्यावरून आवाज येतो, तोच :
"निघाला का गा देवमन, पुलापल्याड?"

निघालो बाप्पा.

पत्ता मला स्टँडच्या मुतारीत सापडला.
मूळव्याधीच्या अन् गेलेल्या ताकदीच्या जाहिरातींमध्ये
हातानं लिहिलेला कागद, अर्धा ओला :
दारू सुटत नाही का? आम्हालाही सुटत नव्हती.
खाली नंबर. शेवटचे दोन आकडे
कुणीतरी नखानं खरवडलेले.
मी शून्य-शून्यपासून लावत गेलो, तीन रात्री.
दर्यापूरच्या एका बाईनं शिव्या घातल्या.
सदतीसवर एक माणूस म्हणाला,
"बोला. घाई नाही."

पहिल्या गुरुवारी उतरून विचारलं, मीटिंग कुठे असते?
रसवंतीवरचं पोरगं हसलं, बारकडे बोट केलं :
"ते काय, सुरू झाली असन."
मी तिथवर गेलोही. पायांना रस्ता माहीत होता.
त्याच गल्लीत, दोन घरं पुढं, अंगणवाडी.

आत सात माणसं, लेकरांच्या खुर्च्यांवर,
गुडघे हनुवटीला टेकलेले.
भिंतीवर अननस, आगगाडी,
आढ्याला बाळं तोलायचा काटा.
आमच्याकडे आधी आडनाव विचारतात,
मग पाणी देतात. किंवा देत नाहीत.
इथं म्हणाले, नावच सांगा फक्त.
मी नुसता देवमन होऊन बसलो, उघडा पडल्यासारखा.

चहा आला, अर्धाच कप.
वाटलं, नव्या माणसाला कंजूषी.
मग शेजारच्याचा कप पाहिला, काठोकाठ,
आणि माझा हात पाहिला.
अर्धाही बशीत गेला.
कुणी बघितलं नाही. म्हणजे सगळ्यांनी बघितलं.

मी मोटर वाइंडिंग करतो.
विहिरीतली मोटर जळून येते, जळकी तार उपटायची,
खाचा घासायच्या, नवी तार, फेरे मोजून.
पिण्याच्या दिवसांत फेरे चुकायचे.
चुकलेलं तिथल्या तिथं कळत नाही.
मोटर फिरते, पाणीही फेकते,
आठ दिवसांनी वास येतो.
बोलायची पाळी आली तेव्हा एवढंच सांगितलं, मोटरीचं.
कवडू नावाचा म्हातारा म्हणाला, "समजलं."

पोळ्याच्या करीला गुरुवार होता.
मी उतरलो, अन् दोन घरं आधीच थांबलो.
एकसष्ट दिवस होते जमलेले.
पुढच्या गुरुवारी कुणीच काही विचारलं नाही.
मीच बोललो, "चार."
टाळ्या वाजल्या. चारला.
मला राग आला त्यांचा, घरी येईपर्यंत टिकला.

परतीच्या गाडीत गावचे तिघं-चौघं असतात,
तोंडात बडीशेप, डोळे खिडकीबाहेर.
नेहारे विचारतो, "आज किती?"
मी म्हणतो, "एकशे नऊ."
तो पूल संपेपर्यंत हिशोब करत राहतो,
क्वार्टरचा असावा.

फाट्यावर उतरलो की घराच्या ओट्यावर वच्छला,
हातात बॅटरी.
आधी तोंडाचा वास घ्यायची. आता नाही घेत.
उजेड तेवढा माझ्या पायांवर टाकते,
चुकून पडल्यासारखा.
मला ठाऊक असतं ती बघते आहे,
म्हणून मी नीट चालतो, फार नीट,
एकेक पाऊल मोजून,
अगदी तसा, जसा पिऊन आलो की चालायचो.

उजेड हलत नाही.
मग तिचा आवाज येतो,
"गोटा हाय तिथी. पाहून ये."