भार टाकून पाहणं

सातपूरच्या शेडमध्ये, लेथच्या मागे,
दार नसलेल्या कपाटात आमचा सर्व्हर.
जेवणाच्या डब्याएवढा. लिनक्सवाला.
पायाशी यूपीएस,
लाईट गेली की टिटवीसारखा ओरडणारा.

मी त्याला शिकवून ठेवलं होतं:
बॅटरी तीस टक्क्यांवर आली की
आधी हिशेब मिट, मग डिस्क सोड,
मग तू झोप.

त्या शनिवारी पडद्यावर शंभर टक्के होते.
टिटवी चारदा ओरडली.
एकसष्ट. अठ्ठावन्न.
आणि पंखा थांबला, तेव्हा कळलं
की इतके दिवस त्याचा आवाज येत होता.
तीस आलेच नाहीत.

लाईट आल्यावर डिस्कने तुकडे गोळा केले,
हरवलं-सापडलं नावाच्या खणात टाकले.
त्यात भांबरे इंजिनिअरिंगचं अर्धं बिल,
नाव गेलेलं, नुसती रक्कम.

द्वारकेला खैरनारांनी बॅटरी हातात घेतली,
फुगलेल्या पोटावर अंगठा फिरवला.
"भरलेली दाखवते, भार आला की बसते.
कधी भार टाकून पाहिला होता?"
नव्हता.
जुनी त्यांनी किलोवर घेतली.

आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी
मीच प्लग उपटते.
वर ट्यूबलाईट चालू, लेथ चालू,
मी घड्याळ धरून कपाटापुढे उकिडवी.
सावंत्रे म्हणतात,
चालू लाईटीत लाईट घालवणारी बाई पहिल्यांदाच पाहिली.

वहीत लिहिते:
जून, एकोणीस मिनिटं.
जुलै, अठरा.
आवरायला लागतात दोन.