हातचा

तार्तूमध्ये रात्रीचे सव्वाअकरा, बाहेर उणे सतरा.
तळघरात पंखे घोंघावतात.
लीलो मफलर न सोडताच बसली आहे.
तक्रार साधी आहे: पक्षी उशिरा बोलतात.

सोळा वर्षांचे आवाज. दलदलीतले, वेतातले,
कुणी पहाटे तीनला गमबूट चढवून टिपलेले,
एका आभासी यंत्राच्या एकाच डिस्कवर,
दोन टेराबाइट.
डिस्क तरी कसली,
खऱ्या डिस्कवर पसरलेली एक अवाढव्य फाइल ती,
आतल्या यंत्राला मात्र ते कुणी सांगितलेलं नाही.

तिचे तुकडे तीन कोटी पस्तीस लाख.
आले तसे बसले, जागा मिळेल तिथे.
क्रौंचाच्या हाकेचा आरंभ एकीकडे,
शेवट भलतीकडे.
कोण कुठे बसलं याची वही वेगळी,
आणि वहीसुद्धा डिस्कवरच.
म्हणजे आधी वहीकडे हेलपाटा, मग पक्ष्याकडे.
कळसा गावातच असतो,
काखेत नसतो, एवढंच.

काखेत किती मावतं?
एक मेगाबाइट. कुणीतरी कधीतरी ठरवलेलं,
डिस्का लहान होत्या तेव्हा.
लीलो कागदावर मांडते:
एका मेगाबाइटात आठ गिगाबाइटांचे पत्ते,
म्हणजे दोनशे छप्पन खोल्यांचं घर
आणि दिवा एका खोलीत.
विद्यार्थी तर कुठलंही दार ठोठावतात,
आज घुबड, उद्या टिटवी, मग पुन्हा घुबड,
दिवा इकडून तिकडे धावतो, तिथवर पहिली खोली काळोखी.

"मग अख्खी वही हाताशी ठेव," ती म्हणते.
आर्वो तिच्याकडे बघतही नाही.
"दोनशे छप्पन मेगाबाइट. एका यंत्राला.
या पेटीत अशी चाळीस आहेत.
सगळ्यांनी मागितलं तर मी काय विकू, बूट?"

शनिवारी ती नाटकाला गेली.
नाटक आठवत नाही.
आठवते ती कोट सांभाळणारी हेल्गी,
सत्तरीची, नाकावर चष्मा, सहाशे खुंट्या,
मध्यंतरात सिगारेटवाले दाराशी दाटले
तर तिनं पितळी बिल्ले पाहिलेसुद्धा नाहीत,
त्यांचे कोट तिनं आधीच पुढच्या दांडीवर आणून ठेवले होते.
बाकीचे मागे, आपापल्या आकड्यांखाली, निवांत.
आणि कुणी एक आकडा दिला तर
ती अख्खी दांडी ओढून आणत नव्हती.

लीलो बिल्ला मुठीत धरून तिथेच थांबली.
आम्ही ओढतो, तिला वाटलं.
एका पत्त्यासाठी वहीचं पान उचलतो सबंध,
आठ हजार एकशे ब्याण्णव ओळी,
हवी असते त्यातली एक.

सोमवारी तिनं पान फाडलं. सोळा पट्ट्या.
आता पट्टीच तेवढी आत येते,
जागा तीच, पण माणसं सोळापट,
निरनिराळ्या गल्ल्यांतली.
शिवाय आर्वोकडून चौसष्ट मेगाबाइट उकळले,
या बोलीवर, की दहा मिनिटं ज्या पट्टीला
कुणी विचारलं नाही, ती परत.
त्यानं हे दारावर चिकटवलं. हस्ताक्षर वाईट.

वेळ उतरली. सगळी नाही.
रात्री होणाऱ्या नकला अजून रांगेत उभ्या राहतात,
आणि फाइल तर रोज वाढतेच आहे,
पुढच्या हिवाळ्यात हे गणित पुन्हा मांडावं लागेल
नव्या हातच्यासह.

लहानपणी बेरजेत ती हातचा विसरायची.
मास्तरीण, श्रीमती ओयामा, कोपऱ्यावर खडूनं एक लिहायची
आणि काही न बोलता पुढे सरकायची.
छोटा एक. ओळीच्या वर. पुसायचा नंतर.

मंगळवारी कुणा मुलीनं बटण दाबलं
आणि क्रौंच लगेच ओरडला,
अकरा वर्षांपूर्वीच्या एप्रिलातला,
मागे पाण्यात कुणाचा तरी पाय घसरल्याचा आवाज,
आणि दबलेली शिवी.
ती मुलगी हसली.
लीलो खाली होती, मफलर घातलेली,
तिला हे कळलं नाही.