फर्मा

सेलूच्या मोंढ्यामागं माझं दुकान, आठ बाय दहा.
पाटी : मुजीब झेरॉक्स, टायपिंग, लग्नपत्रिका, प्रिंट.
पैकी प्रिंटर आठवडाभर खोकतोय
आणि त्याचं औषध परभणीला मिळतं, तेही मंगळवारी.

शुक्रवारी दुपारी प्रमिला आडे आली.
पेनड्राइव्ह रुमालाच्या गाठीत,
बाजाराला निघालेली बाई नोट बांधते तसा.
"सर, नांदेडला माझी फाइल फुटायलीय."
फुटायलीय. हा शब्द मी ठेवून घेतला.
सहा वर्षं, दोनशे चौदा पानं,
गोरबोलीतल्या लग्नगीतांवर,
आणि गाइडच्या कॉम्प्युटरवर उघडलं की
रफार एकीकडं, वेलांटी तिसरीकडं,
आणि गाण्यांच्या जागी नुसते चौकोन,
ओळीच्या ओळी.

एका वेबसाइटनं फुकट करून दिलं,
पण दर पानावर तिरपं, राखाडी, स्वतःचं नाव घातलं,
आहेराच्या भांड्यावर मामा घालतो तसं.
जिंतूरच्या एका पोरानं सीडी विकली, साडेतीनशेला.
(त्या पोराला ती सीडी मीच दिली होती.
फार वर्षं झाली. तेव्हा मलाही माहीत नव्हतं.)

म्हटलं, बस. कंट्रोल दाब. पी दाब.
"पण प्रिंटर तर बंद हाय की तुमचा."
यादीत बघ, त्या खोकणाऱ्याच्या खाली.
एक प्रिंटर आहे, शाई पीत नाही, कागद खात नाही.
विंडोजसोबतच आलेला,
कुणी पैसे मागितले नाहीत,
म्हणून कुणी विचारलंही नाही त्याला.

अब्बांचा छापखाना याच आठ बाय दहात होता.
शिसं, रॉकेलचा वास, खिळ्यांचे खण.
अब्बांची शाळा उर्दूतली, मराठी मोंढ्यात शिकलेली.
पण खिळ्यावर अक्षर उलटं असतं,
फर्मा उजवीकडून डावीकडं वाचावा लागतो,
आणि त्या दिशेनं सवयीनं वाचणारा
अख्ख्या गल्लीत तो एकच माणूस.
जुळवलेला मजकूर लोखंडी चौकटीत ठेवायचे,
भोवती लाकडी पट्ट्या, पाचर, किल्लीनं आवळायचे.
मग दोन हातांनी उचलून एकदा हलवायचे.
खिळा निसटला तर पुन्हा पहिल्यापासून.
नाही निसटला तर, "अब जाने दो. कहीं भी जाने दो."

हे तिला सांगितलं नाही. गिऱ्हाईक खोळंबलं होतं.
एवढंच म्हणालो, यात अक्षर आपला फॉण्ट
शिदोरीसारखा सोबत नेतं.
नांदेडवाल्यांकडं असो नसो.

नाव विचारलं. तिनं टाकलं : शेवटचं.
जरा थांबून : शेवटचं २.

तिच्या मोबाइलवर उघडलं. माझ्या मोबाइलवर उघडलं.
समोर बियाणांच्या दुकानात,
तोष्णीवालच्या धूळ खाल्लेल्या मशीनवरही उघडलं.
त्यानं चष्मा कपाळावर नेऊन एक गाणं वाचलं,
कळलं नाही, पण नीट वाचलं.

मग ती पहिल्याच पानावर अडली.
"याडी सक्राबाईस." व्हायला हवं होतं सक्रीबाईस.
बोटानं काना खोडायला गेली, काच नुसती घासली गेली.
"दोनशे चौदा पानं तपासली ओ मी. हे एक राहिलं."
इथं सुधरत नाही, म्हटलं, हे आवळलेलं आहे.
मूळ फाइल उघड, तिथं सुधार, पुन्हा आवळ.
एक काना गेला. एक वेलांटी आली.
शेवटचं ३.

"किती झाले?"
कागद नाही, शाई नाही,
याचा भाव माझ्या पाटीवर नव्हता.
चहाचे पैसे तिनंच दिले.

ती गेल्यावर खिडकी बंद करायच्या आधी
मी मॉनिटरची चौकट दोन्ही हातांनी धरली
आणि, दुकानात कुणी नाही बघून,
एकदा हलवली.