निव्वळ वजन

चालू व्हायला आठ मिनिटं घ्यायला लागला,
तेव्हा तौफिक म्हणाला, काका, कायला जीव लावता ह्याला,
नवा घ्या की.
मी म्हणालो, बघू.
एकतीस वर्षं मानवतच्या जिनिंगवर काटा सांभाळला मी.
भरली गाडी वजा रिकामी गाडी.
माल किती अन् लाकूड किती
ते पाहिल्याबिगर
कुणाला मोडीत काढत नसतो.

रविवारी प्लग काढला.
बटण दाबून धरलं,
आत मुरलेला करंट निघून जावा म्हणून.
(हे प्रणितानं फोनवर सांगितलं. तिला वाटतं मला ते माहीत होतं.)
मागचे दोन स्क्रू, बाजूचा पत्रा,
आणि आत
कापूस.

पंख्याच्या पात्यांत, जाळीत, वायरींच्या बेचक्यांत,
राखाडी, जुन्या गादीसारखा दाबून बसलेला.
जिनिंग बंद पडून सहा वर्षं झाली,
गेटला बँकेचं कुलूप,
आणि माझ्या टेबलाखाली हंगाम चालूच होता.
ह्या मालाची पावती कुणीच फाडली नव्हती.

दाढीचा जुना ब्रश घेतला.
पंखा बोटानं धरून ठेवला, उगा गरगरू नये.
रॅमची पट्टी अलगद उपसली,
तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवला,
परत बसवताना टक् वाजलं.
तेवढं एक वाजणं ऐकून बरं वाटलं.

मग आतलं काम.
ह्याच्यासोबत रोज उठणारे तेवीस जण निघाले.
विकून टाकलेल्या प्रिंटरचा एक,
हरवलेल्या मोबाईलचा एक,
एक तर कोण, कुणाचा, कधी आला, पत्ता नाही.
काट्यावर असंच व्हायचं.
कापसाच्या ढिगात एखादं पोरगं दडून बसायचं,
पन्नास किलो स्वतःलाच विकायचं,
आणि मी खिडकीतून ओरडायचो,
उतर रे खाली!
उतरवले. एकेक करून. एकोणीस.
चौघांना बसू दिलं, ते गाडीवानच होते.

बायोडाटा अंतिम.
बायोडाटा अंतिम दोन.
बायोडाटा नवीन अंतिम.
बायोडाटा हाच पाठवणे.
मेहुण्याच्या वास्तुशांतीचे तेच फोटो तीन ठिकाणी,
तिन्हीकडे तो डोळे मिटूनच.
पुसत गेलो.
कुंडीत टाकलं म्हणजे गेलं असं नसतं,
ओझं तेवढंच राहतं,
कुंडी वेगळी रिकामी करावी लागते.
हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं.

एक फाईल निघाली, 'बाबांसाठी'.
प्रणिताच्या एमएस-सीआयटीच्या वेळची.
बाबा, आधी स्टार्टवर जा. घाबरू नका.
चुकीचं दाबलं तरी काही फुटत नाही.
बारा केबी.
राहू दिली.

रात्री डिस्क आवरायला लावली,
विस्कटलेले तुकडे आपापल्या शेजारी.
इंदुमती म्हणाली, उंदीर आहे का काय आत?
म्हणालो, निजा तुम्ही, हिशेब चाललाय.

सकाळी एक मिनिट दहा सेकंद.
चहाला अजून उकळीसुद्धा नव्हती.
मी बघत बसलो पडद्याकडे, तो माझ्याकडे.
लाइटबिल भरून झालं होतं.
पत्त्यांच्या डावात लागोपाठ दोनदा हरलो,
पूर्वी एकदा हरायला तेवढाच वेळ लागायचा.

कापूस आगपेटीत भरून ठेवला होता.
वात कर म्हणालो, तर इंदुमतीनं नुसतं हुंगलं,
काळा आहे, देवाला चालायचा नाही.

तेव्हा उरलेली सहा मिनिटं पन्नास सेकंद खिशात घालून
टाकांच्या सराफी दुकानात गेलो.
त्यानं आगपेटी काट्यावर ठेवली,
काच खाली ओढली, आकडा थरथरला.
कसला माल, काका?
फरदड, म्हणालो. शेवटची वेचणी.
तेरा ग्रॅम, तो म्हणाला.

असं कसं तेरा,
आगपेटी वजा कर.