सत्तावन्न रुपये त्रेपन्न पैसे

निवृत्तीभाऊ, रागावू नका.
सकाळच्या पोळ्याही मीच लाटाव्यात म्हणता,
कौतिकबाईंचा हात हलका आहे म्हणता,
सातपूरच्या पोरांचं पोट माझ्याच पोळीनं भरतं म्हणता.
मी नको म्हटलं
तर म्हणालात, "काम नको, फुकटचं तेवढं हवं."
हसून म्हणालात. तरी म्हणालात.

बसा जरा. तवा तापतोय तोवर हिशोब सांगते.

संध्याकाळच्या साठ पोळ्या, महिन्याचे सोळाशे,
वर्षाचे एकोणीस हजार दोनशे.
आणि सरकारनं रेघ मारलीय एकवीस हजारांवर.
मी ती तीनशे पासष्टनं भागली, प्रणितच्या मोबाईलवर.
दिवसाला सत्तावन्न रुपये त्रेपन्न पैसे.
तिथपर्यंत मी निराधार.
चौपन्नावा पैसा पडला
की मला आधार सापडला.

हे गेले त्याला सात वर्षं झाली.
तेव्हापासून पगार येतो.
आम्ही पगारच म्हणतो त्याला, पंधराशेला,
बँकेच्या पायरीवर चपला काढून बसलेल्या
आम्ही सगळ्याजणी. कधी तीन महिन्यांचा एकदम,
कधी नुसतंच, "सर्व्हर बंद आहे, मावशी."

म्हणजे आज माझ्या हातात एकतीसशे.
तुमची सकाळ धरली तर बत्तीसशे, आणि पगार बंद.
पहाटे साडेचारला उठायचं,
महिन्याला दीड हजार पोळ्या आणखी लाटायच्या
आणि त्यांचे मिळून शंभर रुपये.
गॅसजवळ भाजलेलं हे मनगट बघा. शंभर रुपये.
वर उद्या कारखान्यानं स्वतःचं कँटीन काढलं,
तुम्ही मेस गुंडाळून सिन्नरला गेलात,
तर पुन्हा निराधार व्हायला
किती कागद लागतात ठाऊक आहे?
नवरा एकदाच मरतो, भाऊ,
त्याचा दाखला दरवर्षी नव्यानं काढावा लागतो.

तलाठी आप्पा चांगले आहेत. चष्मा वर करून विचारलं,
"पोरगा काय करतो?"
"शिकतो," म्हटलं.
खरंच शिकतो. पण फेब्रुवारीभर
पिंपळगावला द्राक्षांच्या पेट्यांवर स्टिकर चिकटवत होता.
नऊ हजार आणले. बोटांना डिंकाचा वास.
पोरानं पहिली कमाई देवापुढं ठेवली
आणि मी ती उचलून तांदळाच्या डब्यात लपवली,
चोराच्या आईसारखी.
त्याला म्हटलं, कुणाला सांगू नकोस.
तो म्हणाला, "आई, मी काय वाईट केलं का?"

ह्याचं उत्तर तुमच्याकडं असलं तर द्या.

आणि आता घरकुलाच्या यादीत नाव आलंय.
चुंचाळ्याकडं, तिसरा मजला, नळ आतच.
आपला हिस्सा भरायचा म्हणून बँकेत गेले
तर तो टाय घातलेला मुलगा दाखला बघून म्हणाला,
"एवढ्याशा उत्पन्नावर कर्ज कसं देणार, मॅडम?
जास्तीचं काही दाखवता येईल का?"
मला हसू आलं. मॅडम म्हणाला म्हणून नाही.
तहसीलला मी जितकी गरीब तितकी बरी,
बँकेला जितकी कमावती तितकी बरी,
आणि द्वारकेपासून दोन्ही एकाच रिक्षाच्या वाटेवर.
मध्ये कुठंतरी उतरून
मी कोणती बाई व्हायचं?

पैसे राहू द्या, पीठ द्या, असंही मनात आलं होतं.
पीठ कुठल्या रकान्यात बसतं, कुणी सांगत नाही.
पण नको. आज पीठ मागितलं
तर उद्या तुम्ही शिळं वरणही द्याल, मायेनं,
आणि मला ते घ्यावं लागेल.

झाला तवा. सरका.
साठ म्हणजे साठ, मोजून घ्या.
गोळा उरला आणि एकसष्टावी पडलीच तव्यावर
तर ती तुम्ही खा, गरम आहे तोवर,
माझ्याकडून.
वहीत लिहू नका.